एका गाडीत दोन अहो

वसुंधरा माटेच्या तोंडून तिच्या नवऱ्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. इथे परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरात आम्ही समोरासमोर राहतो, मध्ये एक रस्ता आणि दोन लेटरबॉक्स. तिचं स्वयंपाकघर माझ्या बैठकीच्या खोलीतून दिसतं आणि खिडकी उघडी असली की ऐकूही येतं. "अहो, चहा झालाय." "अहो, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवलात का?" "अहो, ऐकलंत का?" दिवसभर नुसतं अहो आणि अहो. त्या गृहस्थांना आईवडिलांनी रवींद्र असं चांगलं नाव ठेवलंय, हे मला चुकून माझ्याकडे आलेल्या एका पाकिटावरून कळलं.

वसुंधराने इथल्या किंडरगार्टनमध्ये निवृत्त होईपर्यंत मुलं सांभाळली. तिथे मुख्य बाईंनासुद्धा सगळे नावाने हाक मारतात. पण हिची जीभ काही वळेना. फोनमध्येही नवऱ्याचा नंबर 'अहो' असाच ठेवलेला. साहजिकच तिथल्या बायकांना वाटलं, नवऱ्याचं नावच अहो आहे. दर ख्रिसमसला कार्ड यायचं, 'डिअर वसू अँड अहो'. पार्टीत कुणीतरी विचारायचं, "किया ओरा अहो, हाऊ आर यू?" आणि रवींद्रराव निमूट मान डोलवायचे. तिची एक माओरी सहकारीण तर म्हणाली होती, "आमच्या भाषेत अहो म्हणजे दोरा. मासे धरायच्या गळाचाही." वसुंधराला ते फार आवडलं होतं.

"म्हणजे बघ, माझ्या गळाला लागलेत," ती मला म्हणाली.

"की तू त्यांच्या?" मी म्हटलं.

माझं नाव शांता. आईवडिलांनी मोठ्या आशेने ठेवलं असणार. मला या अहोप्रकरणाचा मनापासून राग यायचा. माझ्या नवऱ्याला मी पहिल्या दिवसापासून श्याम म्हणायचे, सासूसमोरसुद्धा, आणि त्याबद्दल भरपूर ऐकूनही घेतलं. आता श्याम नाही. घरात ते नाव मोठ्याने घ्यायला काही निमित्त उरलेलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणूनच कदाचित मी समोरच्या खिडकीकडे जरा जास्त लक्ष देते.

रवींद्ररावांचं आयुष्य इंजिनांत गेलं. आधी चिंचवडच्या कारखान्यात, मग इथे पेनरोझच्या एका गॅरेजात गिअरबॉक्स खोलण्यात. त्यांची स्वतःची गाडी जुनी, चंदेरी आणि हाताने गिअर टाकायची. ऑटोमॅटिक गाडी म्हणजे कवळी लावून ऊस खाणं, असं त्यांचं मत. वसुंधराकडेही लायसन्स होतं. नव्हता तो नवऱ्याशेजारी बसून गाडी चालवायचा धीर. "क्लच! अगं क्लच! आरशात बघ! तो आरसा टिकली लावायला नाही!" एकदा राउंडअबाउटवर तिच्या हातून गाडी बंद पडली. मागे चार गाड्या खोळंबल्या. ही गोष्ट रवींद्ररावांनी गणपतीच्या जेवणांत, वाढदिवसांना, सत्यनारायणाच्या प्रसादासोबत इतक्यांदा सांगितली की दरवेळी मागच्या गाड्या वाढत गेल्या. शेवटी त्यात एक अँब्युलन्सही आली. वसुंधरा सगळ्यांबरोबर हसायची. पण त्यानंतर तिने गाडीची किल्ली हातात धरली नाही.

आणि मग रवींद्ररावांच्याच डोळ्यांनी दगा दिला. दृष्टिपटलाच्या बरोबर मधल्या भागाचा आजार, त्यामुळे बघतील तिथे मधोमध काळा डाग. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं आणि मानुकाउच्या क्लिनिकमध्ये ठरावीक काळाने डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं की इंजेक्शनं घेत राहिलात तर आहे ते टिकेल, चुकवलीत तर उरलेलंही जाईल.

पहिल्यांदा मी नेलं. माझ्या ड्रायव्हिंगवर ते चकार शब्द बोलले नाहीत, फक्त वरचं हँडल धरून बसले होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "शांताबाई, उपकाराची गाडी किती दिवस?" मुलगी प्राची दुसऱ्या गावी, 'ते रापा'च्या दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, ती रजा काढून यायला तयार होती, तिलाही नको म्हणाले. टॅक्सी नको, परक्या माणसासमोर चाचपडायला लाज वाटते. एक इंजेक्शन चुकलं. ते पडदे ओढून खोलीत बसायला लागले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं.

वसुंधरा माझ्या ओट्याशी उभी राहून रडली. "शांता, माझ्याकडे सरळ बघितलं तर त्यांना माझा चेहरा दिसत नाही गं. कानाकडे बघतात, तेव्हा कुठे मी दिसते. तेही गेलं तर?"

"मग तू चालव गाडी," मी म्हटलं.

"ती? क्लचची?"

"क्लच नसलेली घे."

ग्रेट साउथ रोडवर पूर्वी जिथे सगळी जपानी नावं होती, तिथे आता एकापाठोपाठ एक चिनी गाड्यांच्या शोरूम आहेत. दर दोन-चार महिन्यांनी नवी पाटी, आणि नाव असं की वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर उच्चारावं. त्यांतल्या एका छोट्या शोरूममध्ये आम्ही शिरलो. लिन नावाची मुलगी होती, चेंगदूहून इथे शिकायला आलेली आणि इथेच राहिलेली. ती सांगत होती की तिच्या गावाकडे नव्या गाड्यांतल्या निम्म्या आता चार्जिंगवाल्या असतात, आणि काही कंपन्या तर संपलेली बॅटरी काढून भरलेली बसवून देतात. "गॅस सिलिंडरसारखी?" वसुंधराने विचारलं. लिनला ते पटलं. "हो, अगदी तशीच!"

मग वसुंधरा चालवायला बसली. मी शेजारी, लिन मागे. गाडी आवाज न करता निघाली. पायाखाली क्लच नाही, हाताला गिअर नाही, पाय उचलला की गाडी आपली आपण सावकाश थांबते. मोठ्या चौकातून वळून आल्यावर वसुंधराचा श्वास जाग्यावर आला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सगळं ठीक आहे गं, पण अहो काय म्हणतील?"

"येस? आय अ‍ॅम लिसनिंग," गाडी म्हणाली.

गोड, बायकी आवाज. वसुंधराने घाबरून ब्रेक दाबला. लिनने सांगितलं की या गाडीतल्या मदतनिसाचं नाव आहाओ. हाओ म्हणजे चांगलं, आणि आधीचा आ लाडाचा, घरातल्या पोराला हाक मारावी तसा. आहाओ म्हटलं की ती जागी होते, काच खाली करते, एसी लावते, रस्ता सांगते. मी हसून हसून सीटबेल्टमध्ये अडकले. लिनला काही कळेना, तेव्हा तिला अहो समजावून सांगितलं. ती बिचारी फार गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे लग्नातच व्हॉइस कमांड असते."

प्राचीने व्हिडिओ कॉलवर सगळी माहिती विचारून घेतली. "आई, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे, दणकट असते. स्वीट अ‍ॅज. एकदम मस्त, घेऊन टाक."

गाडी घरी आली त्या दुपारी रवींद्रराव बाहेर आले. बॉनेटवरून हात फिरवला, ते उघडायला लावलं आणि आत चाचपून बघितलं. इंजिनाच्या जागी बारीकसा कप्पा होता.

"हे काय? भाजीची टोपली?"

"अहो, सामान ठेवायला आहे ते," वसुंधरा म्हणाली. नशीब, तेव्हा गाडी बंद होती.

"चायना माल! संध्याकाळपर्यंत टिकला तर पेढे वाट."

तरी ते दरवाजाकडे आले, हे मी पाहिलं. आतून बघावंसं वाटत होतं त्यांना. पण या नव्या गाड्यांच्या दरवाजाचे दांडे पत्र्यात बसवलेले, वरून सपाट. रवींद्ररावांचा हात दरवाजावर वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. गुळगुळीत पत्र्याखेरीज बोटांना काही लागेना. समोर दोन बायका बघत होत्या. त्यांचा चेहरा पडला.

"ज्या गाडीला दांडा नाही, तिच्यात मी बसणार नाही," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत आत गेले.

वसुंधराने लिनला फोन केला. लिन म्हणाली की असे लपलेले दांडे आता चीनमध्येच नकोसे झालेत. अपघातात वीज गेली तर उघडणार कसे? म्हणून यापुढच्या नव्या गाड्यांना बाहेरून हाताने उघडता येईल असाच दांडा हवा, असा तिथे नियम झालाय. "तुमच्या गाडीचा मात्र हाताने उघडतो," ती म्हणाली. "पुढच्या टोकाला अंगठा दाबा, मागचं टोक वर येईल." वसुंधरा डोळे मिटून ते करून बघत बसली, पुन्हा पुन्हा. मी खिडकीतून बघत होते. शेजारच्या घरातला माणूसही बघत होता, त्याला काय वाटलं देव जाणे.

इंजेक्शनच्या नव्या तारखेपर्यंत आम्ही रोज बाहेर पडायचो. ग्रेट साउथ रोडने मानुकाउ, आणि तिथून परत. मोटरवेचं नाव काढलं की वसुंधरा मान हलवायची. "तिकडे नाही गं. तिकडे सगळे जीव घेऊन पळतात." आणि बोलताना तिच्या प्रत्येक वाक्यात अहो, त्यामुळे गाडी सारखी जागी. एकदा तर "अहोंना गरम भाकरी लागते" म्हटल्यावर गाडीने सीट तापवली.

तो दिवस आला. तिने गाडी दारात आणली, मी मागच्या सीटवर बसले. रवींद्रराव चपला घालून बाहेर आले होते, पण यायला नव्हे, नाही म्हणायला.

"फोन करून सांग त्यांना, मी येत नाही."

वसुंधरा गाडीतून उतरली, दार उघडंच होतं. "अहो, असं करू नका."

"आय अ‍ॅम लिसनिंग," गाडी म्हणाली.

रवींद्ररावांनी मान तिरकी केली. "आत कोण आहे?"

"शांता आहे."

"शांताबाईंचा आवाज एवढा गोड कधी झाला?" हे मला ऐकू आलं, आणि मी ते विसरलेले नाही.

"अहो, ती गाडी बोलते."

"येस? हाऊ कॅन आय हेल्प?"

"तू अहो म्हटल्यावर ती का बोलते?"

"तिचं नाव तसंच आहे. आहाओ. मी काय करू?" वसुंधराला रडूही येत होतं आणि हसूही. "अहो, जरा ऐका ना माझं!"

"आय अ‍ॅम लिसनिंग."

"बघा! इतक्या वर्षांत एका तरी अहोने ऐकतेय म्हटलं!"

मी मागे ओढणी तोंडात कोंबली. मग रवींद्ररावांच्या मिशीची एक बाजू हलली. वसुंधराने ती संधी साधली. त्यांचा हात धरून गाडीपाशी आणला, त्यांचा अंगठा दरवाजावर ठेवला आणि दाबला. दांड्याचं मागचं टोक वर येऊन त्यांच्या बोटांना लागलं.

"यांत्रिक आहे," ते पुटपुटले. पुन्हा एकदा करून बघितलं, आणि बसले.

ग्रेट साउथ रोडने जायचं ठरलेलं. पण टाकानिनीपाशी पाण्याचा पाइप फुटला होता, रस्ताभर केशरी शंकू, आणि बाण दाखवत होता मोटरवेकडे. मागे गाड्यांची रांग होती. मागे जाता येईना, थांबताही येईना. वसुंधराची मान ताठ झाली. आम्ही मोटरवेवर चढणाऱ्या रस्त्याला लागलो. पुढे पाटी होती, झिपसारखं एकाआड एक शिरा. उजवीकडे गाड्यांचा लोंढा, त्यात मोठमोठे ट्रक.

माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण मी ते गिळले, कारण मी जे बोलले असते ते क्लच क्लचचंच भावंड होतं. रवींद्ररावही गप्प होते. निघाल्यापासून एक सूचना नाही, एक उसासा नाही. हात मांडीवर, तोंड समोर.

"अहो, मला नाही जमणार," वसुंधरा म्हणाली.

"आय अ‍ॅम लिसनिंग."

"अहो, तुम्ही बोला ना काहीतरी!"

"सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. व्हेअर वुड यू लाइक टू गो?"

रस्ता संपत आला होता.

"रवींद्र!"

तिने हाक मारली. मोठ्याने, घसा फाडून. गाडी गप्प राहिली.

"ओ," रवींद्रराव म्हणाले. आवाज अगदी साधा होता, जणू रोज याच हाकेला ओ देत आलेत. "वसू, मला काही दिसत नाहीये. तुला दिसतंय ना?"

"ट्रक आहे. मोठा."

"पुढे की मागे?"

"मागे. लाइट मारतोय, डोळे वटारल्यासारखा."

"ओरडत नाहीये गं तो, जागा देतोय तुला. तुला दिसतंय, तर मग जा. मी आहे."

ती गेली. पाय दाबला तशी गाडीने आम्हाला सीटमध्ये ढकललं आणि आम्ही त्या लोंढ्यात होतो. ट्रकवाल्याने हात वर केला, वसुंधरानेही केला.

"काय ओढ आहे हिला!" रवींद्रराव स्वतःशीच म्हणाले. पाठीने कळलं होतं त्यांना. "गिअर नाही, काही नाही, सरळ ओढ!"

मी मागे रडत होते, आणि ते लपवायचीही मला काही गरज वाटली नाही. मग रवींद्रराव हळूच म्हणाले, "पुन्हा म्हण."

"काय?"

"तेच."

"इश्श! गाडी चालवतेय ना मी," वसुंधरा म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

क्लिनिकमध्ये इंजेक्शन झालं. चुकलेल्या वेळेचं थोडं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही, पण उरलेलं आता नियमित आलात तर सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. एका डोळ्याला पट्टी लावून रवींद्रराव बाहेर आले. गाडीपाशी त्यांनी वसुंधराचा हात बाजूला केला, स्वतः अंगठा दाबला, स्वतः दार उघडलं.

परतताना त्यांचं तोंड थांबेना. उतारावर पाय उचलला की हीच मोटर उलटी होऊन बॅटरी भरते, हे वसुंधराकडून कळल्यावर तर विचारूच नका. "म्हणजे चढावर खर्च आणि उतारावर कमाई! आम्ही आयुष्यभर ब्रेक तापवून ती हवेत सोडली." घरी पोचल्यावर त्यांनी प्राचीला फोन लावला आणि चीनमधल्या बॅटऱ्यांबद्दल जे काही असेल ते वाचून दाखवायला सांगितलं. प्राची आता रोज संध्याकाळी वाचते. ती म्हणते, बाबा मध्येच थांबवून शंका विचारतात, आणि त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं तिलाही येत नाहीत. चायना माल हा शब्द अजून त्यांच्या तोंडी असतो, पण आता तो कौतुकाने येतो, आपल्या नातवाला लबाड म्हणावं तसा.

पुढे लिनचा निरोप आला. रात्रीत गाडीला नवं अपडेट येईल, त्यानंतर मदतनिसाला हवं ते नाव देता येईल. वसुंधराने तो माझ्यासमोरच रवींद्ररावांना वाचून दाखवला.

"बरं झालं. काहीतरी दुसरं ठेवू. चिऊ ठेवू."

"नको," रवींद्रराव म्हणाले. त्यांनी मान किंचित वळवून तिच्या कानाकडे बघितलं, म्हणजे तिच्या चेहऱ्याकडेच. "अहो तिलाच राहू दे. नाहीतर तू पुन्हा माझं नाव घ्यायची नाहीस."

पहिले काही दिवस ते नाव फक्त गाडीतच निघायचं, काचा वर करून. मग एकदा बागेत ऐकू आलं. मग माझ्यासमोर, जीभ चावून. या ख्रिसमसला किंडरगार्टनकडून नेहमीसारखं कार्ड आलं, 'डिअर वसू अँड अहो'. रवींद्ररावांनी ते डोळ्यांच्या कडेला धरून वाचून घेतलं आणि म्हणाले, "हे माझं नाही. गाडीचं आहे." ते कार्ड आता तिच्या डॅशबोर्डवर उभं आहे.

आज पुन्हा इंजेक्शनचा दिवस. रवींद्रराव बूट घालून वेळेच्या आधीच गाडीपाशी येऊन उभे आहेत, अंगठा दरवाजावर ठेवून. स्वयंपाकघरातून हाक आली, "रवींद्र, निघायचं ना?"

मी माझी खिडकी आणखी थोडी उघडली.